बेडूक उन्हाळ्यात कुठे जातो?

(बालवाडी सेविका, संडेस्कूलचे शिक्षक आणि मंडळीतील हितचिंतक यांच्यासमोर सोलापुरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला दिलेला विषय ऐकायला अगदी लहान आहे. काही प्राणी वर्षातले काही महिने झोपून काढतात. पुस्तकात त्याला शीतनिद्रा म्हणतात. ही गोष्ट चार ते सहा वर्षांच्या मुलांना हस्तकलेतून कशी शिकवावी, हे मला सांगायचे आहे. तुम्ही म्हणाल, वस्तीवर पाणी नाही, जातीचा दाखला मिळत नाही, आणि ही बाई प्राण्यांच्या झोपेवर बोलते आहे. पण थोडा धीर धरा. या विषयातून मुलाच्या अकलेचा मान, त्याच्या जिवाची काळजी आणि मरणाबद्दल आपण त्याला काय सांगतो, हे तिन्ही प्रश्न पुढे येतात.

आधी आपल्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघू या. दुकानात मिळणाऱ्या तक्त्यावर बर्फ असतो आणि बर्फाखालच्या गुहेत अस्वल झोपलेले असते. सोलापूरच्या मुलाने बर्फ पाहिलेला असतो तो फार तर गोळेवाल्याच्या गाडीवर. शिवाय आपल्या महाराष्ट्राच्या जंगलातले अस्वल हिवाळ्यात झोपतच नाही. वाळवी, मध, बोरे, मोहाची फुले असे काही ना काही त्याला वर्षभर मिळते, म्हणून ते वर्षभर फिरते. म्हणजे तो तक्ता दूरच्या देशापुरता खरा आहे, पण आपल्या मुलाला त्यातून चुकीची समजूत मिळते.

बर्फातली लांब झोप आपल्या देशातही आहे. लडाखच्या उंच पठारावर मार्मोट नावाचा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी असतो. तो उन्हाळ्यात गवत खाऊन अंगावर चरबी चढवतो. थंडी आली की सगळे कुटुंब एका बिळात शिरते, बिळाचे तोंड बंद करते आणि वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ आत झोपून काढते. त्या झोपेत शरीर थंड पडते, काळजाचे ठोके अगदी मंद होतात, श्वासही विरळ होतो. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मुलाच्या पायाखालची गोष्ट सांगा.

प्राणी झोपतो तो थंडीची हौस म्हणून नव्हे. अन्न-पाणी मिळेनासे झाले की तो अंगातला खर्च कमी करतो आणि बरे दिवस येईपर्यंत थांबतो. लडाखमध्ये कठीण दिवस हिवाळ्यात येतात. आपल्या अवर्षणाच्या जिल्ह्यात ते मार्च ते मे या महिन्यांत येतात. पारा ४० अंशांच्या वर जातो, ओढे आटतात, काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. म्हणून आपल्याकडची लांब झोप मुख्यतः उन्हाळ्यातली आहे. तिला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. शब्द मुलांना पाठ करायला लावू नका. "उन्हाळ्याची झोप" म्हटले तरी पुरे.

ही झोप कोण घेते? पहिला मान बेडकाचा. आपल्या रानात एक गोलमटोल बेडूक आहे. त्याच्या मागच्या पायाच्या टाचेपाशी फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. तो मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत शिरतो आणि ओलावा लागेपर्यंत खाली जातो. आत तो खात नाही. अंगात साठवलेली चरबी पुरवून पुरवून वापरतो, आणि त्याची कातडी ओल्या मातीतला दमटपणा शोषून घेते. मृगाचा पाऊस पडला की ज्या डबक्यात काल काही नव्हते, तिथे रात्रभर बेडकांचा गलका सुरू होतो. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात आणि ओरडताना त्यांच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात. मुलांना वाटते, बेडूक पावसाबरोबर आभाळातून पडले. खरे तर ते तिथेच, आपल्या पायाखाली होते.

दुसरी गोगलगाय. ती सावलीची जागा धरते, शंखात अंग ओढून घेते आणि शंखाच्या तोंडावर आपल्याच चिकट द्रवाचा पातळ पडदा धरते. तो पडदा वाळून कागदासारखा होतो आणि आतला ओलावा आत राहतो. तिसरा ओढ्याचा खेकडा. पाणी खाली जाईल तसा तोही बीळ खाली खाली नेतो, आणि कित्येकदा तोंडाशी मातीचे बूच लावून आत बसतो.

आता हस्तकला. यासाठी बाजारातून काहीही आणायचे नाही. काळी माती, चिंचोके, ओढ्यातले गोटे, रिकाम्या काड्यापेट्या, जुनी पारदर्शक बरणी, घरातली हळद एवढे पुरे.

पहिला उपक्रम बरणीचा. मुलांनी माती चाळायची, पाणी शिंपडून ओली करायची आणि बरणीत भरायची. एका गोट्याला हळद चोळली की तो झाला पिवळा बेडूक. त्याला बरणीच्या तळाशी, काचेला लागून बसवायचे, म्हणजे बाहेरून दिसेल. वर माती दाबायची आणि बरणी उघडी ठेवून तीन दिवस उन्हात ठेवायची. मग प्रत्येक मुलाने वरच्या मातीला हात लावायचा आणि नंतर बोट खोल घालायचे. वरची माती तापलेली, फिकी आणि भेगाळलेली. खालची गार आणि ओली. बेडूक खाली का जातो, याचे उत्तर मुलाच्या बोटाला मिळते. तुम्हाला एक वाक्यही बोलावे लागत नाही.

दुसरा गोगलगाईचा. मातीची लांब वळी करायची आणि चकलीसारखी गुंडाळायची, की शंख झाला. आता दार. उन्हाळ्यात आपल्या घरी कुरडया होतात. गव्हाचा थोडा चीक मागून घ्या आणि प्लास्टिकच्या कागदावर अगदी पातळ पसरा. दुपारपर्यंत त्याचा पापुद्रा सुटतो. तो शंखाच्या तोंडाएवढा कापून खळीने चिकटवायचा. ओले वाळले की दार कसे होते, हे मुले डोळ्यांनी बघतात. आणि ज्या घरून चीक आला त्या घरची आई त्या दिवशी बालवाडीची शिक्षिका होते.

तिसरा काड्यापेटीचा. पेटीच्या बाहेरून खळ लावून कोरडी माती चिकटवायची. आतल्या खणात मातीचा किंवा चिंचोक्याचा बेडूक ठेवायचा. खण बंद केला की उन्हाळा, ओढला की पावसाळा. ही पेटी मूल घरी नेते आणि रात्री आई-बापाला दाखवते.

चौथ्याला काहीच साहित्य लागत नाही. मुलांना पळू द्या, मग उताणे झोपवा आणि प्रत्येकाच्या पोटावर कागदाचा तुकडा ठेवा. आधी कागद भराभर वर-खाली होतो, हळूहळू शांत होतो. "बेडकाचा कागद याहूनही हळू हलतो, पण हलतो," एवढेच सांगा. मग ताईंनी पत्र्याच्या डब्यावर बोटांनी पावसासारखे वाजवायचे. पाऊस आला की सगळे बेडूक उठतात. हा खेळ मुले दहा वेळा मागतात.

मातीतून, पानातून, हाताच्या कामातून शिकवणे ही काही माझी नवी कल्पना नाही. जर्मनीत फ्रबेलने १८४० च्या सुमारास बालोद्यानाची पद्धत काढली, तिचा पायाच खेळ आणि हातकाम हा होता. ती पद्धत आपल्या सोलापुरात विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनी आणली. पुढे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि काम कोसबाडच्या आदिवासी टेकडीवर गेले. महागडी परदेशी साधने खेड्यात परवडत नाहीत, म्हणून त्यांनी गोटे, बिया, शिंपले, पाने हीच साधने केली. जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, गुरांमागे जात होती, त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. बेडकाचा धडा त्याच वाटेवरचा आहे.

आता मी पहिल्या मोठ्या गोष्टीकडे येते. आपल्या केंद्रांत पारधी वस्तीवरची मुले येतात. त्यांच्या घरची बोली गुजरातीशी नाते सांगणारी आहे. बालवाडीत मराठी कानावर पडली की ती गप्प बसतात आणि आपण वहीत लिहितो, "मूल बोलत नाही." एका केंद्रात ताईंनी विचारले, "बेडूक उन्हाळ्यात कुठे जातो?" तेव्हा महिनाभर गप्प असलेला एक मुलगा उठला आणि ताईंचा हात धरून ओढ्याकडे घेऊन गेला. खेकड्याचे बीळ कोणते, उंदराचे कोणते, कोणत्या बिळात कुणी आहे आणि कोणते रिकामे, हे त्याने बोटाने दाखवले. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर बीळ रिकामे, हे त्याला ठाऊक होते. त्या दिवशी वर्गात शिक्षक तो होता. दुसऱ्या दिवसापासून तो बोलू लागला. आधी आपल्या बोलीत, मग मराठीत.

बंधुभगिनींनो, या ज्ञानाची एकेकाळी लाज वाटायला लावली गेली. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या शहरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती आणि काही काळ तिची व्यवस्था मिशनच्या हाती होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण संशय अजून पुरता गेलेला नाही. बीळ ओळखणारे पोर दिसले की लोक म्हणतात, शिकाऱ्याचे पोर. बालवाडीत आपण त्याच पोराला म्हणू शकतो, "तुला हे येते, आम्हाला शिकव." घोरपड धरणे आज कायद्याने गुन्हा आहे, हे मोठ्यांना सांगायचेच आहे. पण चार वर्षांच्या मुलाला त्याच्या बापाबद्दल लाज वाटेल असा एकही शब्द धड्यात येता कामा नये. झोपलेल्या बेडकाला उकरून काढले तर त्याचा ओलावा जातो आणि तो मरतो, एवढे सांगितले की मूल आपणच म्हणते, "झोपू दे त्याला." बेडूक किडे खातो, शेताची राखण करतो, म्हणून भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, हे मोठ्या मुलांना सांगा.

दुसरी गोष्ट जिवाची. बिळांचा धडा घ्यायचा तर सापाचा धडा त्याच्याबरोबर घ्यावाच लागतो. साप थंडीत बिळात सुस्त पडून असतो, आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की बाहेर पडतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि आपली मुले पालात जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. कित्येकदा दुखतही नाही, म्हणून उशीर होतो. तेव्हा मुलांकडून तीन गोष्टी खेळासारख्या घोकून घ्या. बिळात हात घालायचा नाही, काठीही नाही. दगड उचलायचा तर मोठ्या माणसाला बोलवायचे. काही चावले तर लपवायचे नाही, लगेच ओरडायचे. आणि पालकसभेत सांगा की सापाच्या विषावरचे औषध सरकारी दवाखान्यात असते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही. रात्री बाज किंवा खाट नसेल तर निदान मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपावे. ज्यांना मदत पाठवायची आहे त्यांनी खेळण्यांऐवजी मच्छरदाण्या पाठवाव्यात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जपून सांगायची आहे. मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केलेली बाई आहे. आपल्या संडेस्कूलमध्ये बेडकाचा धडा गेला की लगेच पुनरुत्थानाचा धडा जोडायचा मोह होणार, हे मला कळते. बेडूक जमिनीत गेला, पाऊस पडला, बेडूक वर आला, हालेलूया! हे करू नका, अशी माझी विनंती आहे. का, ते सांगते.

एका वस्तीवर एक आजी वारली. दफनाच्या वेळी कुणीतरी म्हणाले, "आजी प्रभूमध्ये झोपली." हा आपल्या मंडळीचा जुना शब्द आहे आणि त्यात आपली आशा आहे. मोठ्यांना तो कळतो. पण तिची पाच वर्षांची नात तिथे उभी होती. पुढच्या आठवड्यात बालवाडीत बरणीतला पिवळा बेडूक बाहेर काढताना तिने विचारले, "ताई, पाऊस आल्यावर आज्जी पण उठेल का?"

त्या ताईंनी दिलेले उत्तर मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. त्या म्हणाल्या, "नाही गं बाळ. बेडूक जिवंत असतो. त्याचा श्वास हळू चालतो, पण चालतो, म्हणून तो उठतो. आज्जीचा श्वास थांबला. ती पावसात येणार नाही." मुलगी रडली. ताईंनी तिला मांडीवर घेतले आणि बराच वेळ तसेच बसू दिले. धडा तिथेच थांबला.

हे उत्तर कठोर वाटेल, पण ते प्रेमाचे आहे. ताईंनी दुसरे काही सांगितले असते तर ती मुलगी मृगाच्या पावसात कबरीकडे बघत बसली असती. आणि दुसऱ्या बाजूने, "झोप" या शब्दाने घाबरून रात्री झोपायलाच तयार नसलेली मुलेही मी पाहिली आहेत. लहान मुलाला झोप आणि मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट सांगावे. पोटावरच्या कागदाचा खेळ इथे फार उपयोगी पडतो. कागद हलतो तोवर जीव आहे.

आणि विश्वासाच्या दृष्टीनेही पाहा. बेडूक मेलेलाच नसतो. त्याचे उठणे जर पुनरुत्थानाचा दाखला ठरवले, तर आपण पुनरुत्थानाला साध्या जागे होण्याएवढे लहान करून टाकतो. ज्याला हा धडा शिकवायचा आहे त्याने तो त्याच्या वेळी, आपल्या विश्वासाच्या शब्दांत शिकवावा. आपल्या केंद्रांत इतर धर्मांच्या घरांतली मुले येतात. त्यांचे आई-बाप आपल्यावर भरवसा ठेवून ती पाठवतात. त्यांच्या मुलाला आपण बेडकाबद्दल खरे सांगितले, तर तो भरवसा टिकतो. देवाने बेडकाला जसे घडवले तसे सांगणे, हीदेखील त्याची स्तुतीच आहे.

शेवटी एक मागणे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. दिवाळीच्या सुमारास आपल्या वस्त्यांतली काही कुटुंबे ऊसतोडीला, काही वीटभट्टीवर जातात आणि हंगाम संपला की एप्रिल-मे मध्ये परततात. लोक म्हणतात, या मुलांचे शिक्षण सहा महिने झोपलेले असते. ही उपमा मला मान्य नाही. ते मूल त्या काळात फडावर धाकट्या भावाला सांभाळते, चूल पेटवते, नवे रस्ते आणि नव्या बोली शिकते. कठीण दिवसांत काही प्राणी झोपतात, तर काही प्रवास करतात. दर हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, ते या दुसऱ्या प्रकारातले. आपली मुलेही प्रवास करून येतात, पण येतात तेव्हा आपल्या बऱ्याच बालवाड्यांना उन्हाळ्याच्या सुटीचे कुलूप असते.

म्हणून माझी विनंती अशी की, निदान स्थलांतर करणाऱ्या वस्त्यांवरच्या बालवाड्या एप्रिल आणि मे मध्ये सकाळी सात ते साडेनऊ उघड्या ठेवाव्यात. त्यासाठी ताईंचे दोन महिन्यांचे मानधन, पिण्याच्या पाण्याचे एक पिंप आणि मुलांच्या मुठीत द्यायला गूळ-शेंगदाणे एवढेच लागते. एखाद्या मंडळीने एक वस्ती घेतली तरी काम होते. ज्यांना पैसे देता येणार नाहीत त्यांनी रिकाम्या काड्यापेट्या आणि जुन्या बरण्या जमवाव्यात, आणि महिन्यातून एक सकाळ केंद्रावर येऊन मुलांबरोबर माती कालवावी. पहिल्या पावसापर्यंत रोज एक चिंचोका ओळीत मांडायचा असा नियम करा, म्हणजे मुले अंकही शिकतील आणि पावसाची वाटही बघतील.

आणि ज्या दिवशी पाऊस पडेल, त्या दिवशी वर्ग आत भरवू नका. दुसऱ्या सकाळी डबक्यापाशी घेऊन जा आणि मुलांना बघू द्या.

 देव आपल्या कामाला आशीर्वाद देवो.